डावा कान नवा, उजवा जुना

हेडफोन उघडून त्यात काहीबाही भरायचं आणि मग 'वा, काय आवाज उघडला!' म्हणायचं, यात स्वतःची समजूत घालण्याचा भाग फार मोठा असतो. संध्याकाळभर खपून केलेली गोष्ट वाईट कशी वाटेल? शिवाय कानाला सवयही पटकन होते. आज टोचणारा आवाज चार दिवसांनी टोचेनासा होतो, आणि श्रेय मात्र आपण आत चिकटवलेल्या चिंधीला देतो. आवाज जेमतेम एक डेसिबलने मोठा झाला, तरी तो मोठा न वाटता 'चांगला' वाटतो. म्हणून सुरुवातीलाच ठरवून टाकलं की करायचं ते फक्त डाव्या बाजूला. उजवी बाजू कंपनीतून आली तशीच राहील.

माझा हेडफोन स्वस्तातला. सेमी-ओपन, म्हणजे मागून थोडा उघडा, ५० मिमीचे ड्रायव्हर (आवाज काढणारे आतले छोटे स्पीकर), ३२ ओहम, आणि न निघणारी लांबलचक केबल. मधल्या सप्तकात अगदी मोकळा, किमतीच्या मानाने तर फारच. त्रास वरच्या भागात होता. बातम्या लावल्या तर प्रत्येक 'स' आणि 'श' कानात जायचा, तानपुऱ्याची जवारी झिणझिणायची. इथे इंदूरच्या लोकमान्यनगरात राहणारे माझे मामा तबला वाजवतात. त्यांनी एकदा तो घातला आणि दोन आवर्तनांत काढून ठेवला. "अरे, ही चाट वाजतेय की पत्रा?" चाट म्हणजे तबल्याची किनार.

फोनवर टोन जनरेटर लावून पाहिलं. आवाज अगदी हळू ठेवायचा, कारण एकसुरी तार टोन कानाला त्रास देतो. पाच हजार हर्ट्झपासून सावकाश वर गेलं की साडेआठ-नऊ हजारांच्या आसपास टोन एकदम उसळून यायचा. यातला थोडा भाग आपल्या कानाच्या नळीचा आणि पाळीचा असतो, तो हेडफोनच्या माथी मारू नये. माणसाच्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते आणि ती तीन हजार हर्ट्झच्या आसपासचा आवाज स्वतःच वाढवते. म्हणून एका हेडफोनचा, कुठला स्वर किती मोठा येतो याचा, आलेख काढून तो 'बरोबर की चूक' हे घरी सांगता येत नाही. आधीचा आणि नंतरचा यांतला फरक तेवढा सांगता येतो, आणि मला तेवढाच हवा होता.

त्यासाठी महाराणी रोडवरून इलेक्ट्रेट माइकची कॅप्सूल आणली, मटाराच्या दाण्याहूनही थोडी लहान. सोबत झाळायची बारीक तार (सोल्डर, म्हणजे रांगा) आणि थोडी शिल्डेड वायर. दुकानदाराने विचारलं, "भिया, कॉलर माइक बना रहे हो?" मी "वैसा ही कुछ" म्हणून विषय संपवला. फोमच्या इअरप्लगला चीर देऊन त्यात कॅप्सूल बसवायची, तो कानात घालायचा आणि वर हेडफोन. अशा कॅप्सूलला लागणारे दोन-तीन व्होल्ट लॅपटॉपच्या माइकच्या जॅकमधूनच मिळतात. रूम ईक्यू विझार्ड हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर स्वीप, म्हणजे खालपासून वरपर्यंत सरकत जाणारा टोन, सोडतं आणि आलेख काढून देतं. हेडफोन काढून पुन्हा घातला की वरच्या भागातली रेघ थोडी हलतेच, त्यामुळे एका मोजणीवर विश्वास ठेवायचा नाही. चार-पाच वेळा काढा-घाला करायची आणि कायम तिथेच राहतो तोच उंचवटा खरा धरायचा.

कानाची परीक्षा इंदूर घराण्याचे ख्यालगायक अमीर खाँसाहेब यांच्यावर. इंदूरच्या माणसाने दुसरं कोणाला लावायचं? पण नुसता गावाचा अभिमान नव्हे, त्यामागे सोयही होती. त्यांची जुनी ध्वनिमुद्रणं मोनो आहेत, म्हणजे दोन्ही कानांना अक्षरशः एकच आवाज जातो. डाव्या-उजव्यात फरक ऐकू आला तर तो हेडफोनचाच. त्यातून अतिविलंबित झुमरा ताल, मंद्रातला भरदार आवाज, मागे तानपुरा आणि संथ ठेका, म्हणजे तपासायला हवं ते सगळं एकाच ठिकाणी आणि सवडीने. आपले दोन कानही सारखे नसतात, म्हणून मधूनमधून हेडफोन उलटा घालून पाहायचा. नव्या गाण्यांवर करायचं असेल तर फोनच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' असतं, ते चालू करावं.

आता उघडणं. पॅड ओढून काढला की खाली स्क्रू दिसतात. ते सोडवताना पकड घट्ट हवी, कारण ड्रायव्हरमागचं चुंबक पोलादी टोक हातातून ओढून घेतं, आणि मध्ये असतो पारदर्शक, श्वासानेही हलेलसा पडदा. त्याच्या कॉइलच्या दोन तारा केसाहून बारीक असतात आणि कडेला सरसाने चिकटवलेल्या. तिथे बोट लावायचंच नाही. मी ड्रायव्हरवर कागदी कप पालथा घालून बाकीचं काम केलं.

आधी हेडफोनच्या कपाला, म्हणजे कानावरच्या वाटीला, आतून प्लॅस्टिसिन (मुलांची खेळायची माती) थापून पाहिलं. बाहेरून टिचकी मारली तर कप आधीसारखा पोकळ वाजेना, वजन वाढलं, पण आलेख जागचा हलला नाही. खरवडून काढून टाकलं. ड्रायव्हरच्या मागच्या छिद्रांवर मेडिकलमधली मायक्रोपोर पट्टी लावली तर डग्ग्याची घुमक आटली. मागची हवा कोंडली की पडद्याची खालच्या स्वरांची हालचाल आवळली जाते. पट्टीही काढली. ओढली की निघते, हा तिचा मोठा गुण.

काम केलं ते पुढच्या बाजूने. खजुरी बाजारात शाळेच्या हस्तकलेचं सामान मिळतं, तिथून पातळ फेल्ट आणलं होतं. नऊ हजार हर्ट्झच्या लहरीची लांबी चारेक सेंटिमीटर, शंभर हर्ट्झची साडेतीन मीटरच्या घरात. पातळ फेल्ट पहिलीला अडवतं, दुसरीला जाणवतही नाही. ड्रायव्हरच्या मापाची चकती कापून पॅडखाली ठेवली. टोचणं गेलं. दोन थर ठेवले तर आणखी गेलं, मला तर ते फारच आवडलं. मामांना नाही आवडलं. "पत्रा गेला रे, पण त्याच्याबरोबर किनारही गेली. हा तबला पांघरूण घालून वाजवतोय की काय?"

आलेख पाहिला तर मामांचं बरोबर होतं. उंचवट्यासोबत त्याच्या वरचं सगळंच खाली बसलं होतं. मग एकच थर ठेवला आणि मधोमध दहाच्या नाण्याएवढं भोक पाडलं. थेट येणारा आवाज भोकातून मोकळा येतो, पॅड आणि ड्रायव्हरभोवतीची प्लेट यांच्यामध्ये आपटून परतणारा तेवढा कडेच्या फेल्टमध्ये मुरतो. उंचवटा निम्म्याहून कमी झाला आणि पुढचा भाग शाबूत राहिला.

खरं तर त्याहून मोठा फरक पॅडने पडला, आणि त्याला हुशारी लागत नाही. जुन्या रेक्झिनचे काळे पापुद्रे निघून कानामागे चिकटत होते आणि आतला फोम बसला होता. एकेजी कंपनीच्या के-२४० या हेडफोनच्या मापाचे व्हेलवेटसारख्या कापडाचे पॅड यावर चपखल बसतात, ते मागवले. पॅड दबलेला असला की कान ड्रायव्हरच्या फार जवळ येतो. कडेने फट राहिली की खालचे स्वर तिथून गळतात, आणि चष्म्याची काडी नेमकी अशीच फट पाडते. जाड, मऊ पॅडमध्ये काडी रुतून बसते. आलेखात खर्जाचा भाग ठळक वर आला. फेल्टच्या आधी पॅड बदलायचा, हे कोणी विचारलं तर मी पहिलं सांगेन. कित्येकांचं काम तिथेच भागेल.

शेवटी मामांना न सांगता हेडफोन दिला. कुठली बाजू बदलली आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं. ख्याल लावला, त्यांनी डोळे मिटले, हेडफोन उलटा घातला, पुन्हा सुलटा घातला. मग डाव्या पॅडवर बोट ठेवून म्हणाले, "इकडे खाँसाहेब गातायत. तिकडे त्यांचा माइक." त्यानंतरच उजवी बाजू उघडली, त्याच चकतीवर चकती ठेवून दुसरी कापली.

केबल कापून तिथे ३.५ मिमीचा सॉकेट बसवला, तेवढं मात्र चिकाटीचं काम. हेडफोनच्या केबलमधल्या लाल, हिरव्या, तांबूस तारांवर लाखेसारखा थर असतो. वरून तांबं दिसतं, पण झाळ धरत नाही. ब्लेडने खरवडायला गेलं की तारा तुटतात. पंचवीस वॉटच्या सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर रांग्याचा थेंब घेऊन, रोझिन (राळ) लावून, तारेचं टोक त्या थेंबात धरून ठेवायचं. थोडा धूर होतो, लाख जळते आणि तांबं अचानक रुपेरी होतं. खिडकी उघडी ठेवावी. ड्रायव्हरच्या टोकांना टाका घालताना उलट, टेकवलं की उचललं, कारण ती प्लॅस्टिकमध्ये बसवलेली असतात. मग मल्टीमीटरने दोन्ही बाजू मोजायच्या. बत्तीसच्या आसपास आणि एकमेकींसारख्या आल्या पाहिजेत. एका बाजूच्या तारा उलट लागल्या तर मीटरला कळत नाही, पण मोनो गाणं लावलं की गवय्या डोक्याच्या मध्यावरून उठून दोन्हीकडे पांगतो. कापलेली केबल आणि जुने पॅड आमच्याकडे कचऱ्याच्या गाडीत वेगवेगळ्या खान्यांत जातात. इंदूरात हे न सांगता कळतं.

हे सगळं इक्वलायझरने, म्हणजे स्वर कमी-जास्त करणाऱ्या सॉफ्टवेअरने, झालं नसतं का? नऊ हजारांचा उंचवटा खाली करणं झालं असतं, तेही फुकट. विंडोजवर इक्वलायझर एपीओ आहे, अँड्रॉइडवर वेव्हलेट. लॅपटॉपवरच ऐकणाऱ्याने आयर्न तापवायच्या आधी ते करून पाहावं. पण मामाही हा हेडफोन रात्री ट्रान्झिस्टरला लावून ऐकतात आणि त्याला इक्वलायझर नाही. शिवाय फाटका पॅड सॉफ्टवेअरने शिवला जात नाही.

ब्लूटूथवाल्याचं असं करता येईल का, हे भाच्याने विचारलंय. पॅड बदल, तेही त्याच मापाचे, पुढे जाऊ नकोस. त्यातल्या नॉइज कॅन्सलिंगवाल्या, म्हणजे बाहेरचा गोंगाट मारणाऱ्या, हेडफोनमध्ये कपाच्या आतही माइक असतो आणि तो कपातल्या हवेच्या हिशेबाने जुळवलेला असतो. तिथे फेल्ट घातलं की तो हिशेबच चुकतो.