66 मोठे की 61?

आमच्या अडतीचे शेठ आकड्यांना पक्के. क्विंटलमागे पाच रुपये इकडचे तिकडे झाले तर त्यांना झोपेतही कळेल. पदकांच्या आकड्याला मात्र दरवेळी फसतात. ऑगस्ट 2022 मध्ये बर्मिंगहॅमचे राष्ट्रकुल खेळ संपले, तेव्हा गादीवर बसता बसताच म्हणाले, "काय ताई, मागच्या खेपेला 66 होती, आता 61. तिसरे होतो ते चौथे झालो. घसरलोच की!"

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर वह्या लिहिते. यंदा पोती कमी आली असं कुणी म्हटलं की शेठ स्वतःच आधी विचारतात, कुठल्या कुठल्या गावचा माल आलाय? पदकांच्या बाबतीत हा प्रश्न त्यांना का सुचत नाही, कोण जाणे.

म्हणून त्यांच्यासमोर एका कोऱ्या पावतीच्या पाठीवर हिशेब मांडला. 2018 ला गोल्ड कोस्टमध्ये नेमबाजी होती. त्या एका खेळात आपल्याला 16 पदकं, त्यातली 7 सोन्याची. बर्मिंगहॅमवाल्यांनी नेमबाजी ठेवलीच नाही. त्यावरून आपल्या ऑलिंपिक संघटनेनं बहिष्काराची भाषा केली होती, पुढे ती बारगळली. तर नेमबाजी वजा केली की गोल्ड कोस्टची उरतात 50, सुवर्ण 19. बर्मिंगहॅमची 61, सुवर्ण 22. आता उलट्या बाजूनंही वजावट करायला हवी, नाहीतर तो हिशेब कसला. गोल्ड कोस्टला ज्युदो नव्हता, बर्मिंगहॅमला होता; त्यात आपली 3. महिला क्रिकेट पहिल्यांदाच आलं. त्यात 1 रौप्य. ही 4 काढली तरी 57 राहतात, आणि ज्युदो-क्रिकेटमध्ये सोनं नव्हतंच, त्यामुळे 22 ला धक्का नाही. शेठनी पावती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "मग पेपरात असं का नाही छापत?"

बेरजेत अजून एक गोष्ट गडप होते, ती म्हणजे रौप्य किती थोडक्यात रौप्य राहिलं. त्या 61 मधलं पहिलं पदक आमच्या सांगलीचं. वेटलिफ्टिंगच्या 55 किलो गटात संकेत सरगर. त्याच्या वडिलांची इथं पानपट्टी, त्यामुळे त्या शनिवारी यार्डात दुपारी कुणाचंच कामात लक्ष नव्हतं. स्नॅचमध्ये, म्हणजे वजन एका झटक्यात थेट डोक्यावर न्यायच्या प्रकारात, 113 किलो उचलून तो मलेशियाच्या अनिक कसदानच्या 6 किलो पुढे होता. क्लीन अँड जर्कमध्ये, म्हणजे आधी खांद्यावर आणि मग डोक्यावर न्यायच्या प्रकारात, 135 झाले. मग 139 उचलताना उजवं कोपर दुखावलं. हमालांपैकी एक जण पटकन बोलला, "हात गेला." रोज पोती उचलणाऱ्याला ते आमच्याआधी दिसलं. तशा हातानं संकेत पुन्हा आला, पुन्हा फसला. अनिकनं शेवटच्या प्रयत्नात 142 उचलले. दोन्ही प्रकारांची बेरीज 249 विरुद्ध 248. पोडियमवर संकेत हात गळ्यात बांधून उभा होता. त्या खेळात पुढे मीराबाई, जेरेमी आणि अचिंत यांनी सोनं आणलं, एकूण 10 पदकं झाली, पण यार्डात अजूनही त्या 1 किलोबद्दलच बोलतात.

दुसरी सांगलीकर स्मृती मानधना. उपांत्य सामन्यात इंग्लंडविरुद्ध 32 चेंडूंत 61. अंतिम सामन्यात ती 6 वर गेली आणि ऑस्ट्रेलियाकडून आपण 9 धावांनी हरलो. ह्यावर मी जास्त लिहिणार नाही.

अविनाश साबळेबद्दल मात्र लिहिणार. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव. 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये 1998 पासून 2018 पर्यंत राष्ट्रकुलची तिन्ही पदकं दर खेपेला केनियाच घेऊन जायचा. अविनाशनं 8 मिनिटं 11.20 सेकंदांत दुसरा येऊन ती रांग मोडली. पहिल्या आलेल्या अब्राहम किबिवोटची वेळ 8:11.15. म्हणजे फरक 0.05 सेकंदाचा, तोही आठ मिनिटं अडथळे आणि पाणी ओलांडून झाल्यावर. तक्त्यात हे एक साधं रौप्य. माझ्या लेखी त्या खेपेचं सगळ्यात भारी पदक तेच, शेठ काही म्हणोत.

पुढची गंमत अशी. 2026 चे खेळ खरं तर ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात व्हायचे होते. खर्च परवडत नाही म्हणून त्यांनी जुलै 2023 मध्ये अंग काढून घेतलं. ग्लासगोनं ते उचलले, पण आटोपशीर करून. कार्यक्रमात फक्त 10 खेळ. ती यादी आली तेव्हा मी तीच पावती शोधून काढली. गळालेले आपल्या कामाचे खेळ म्हणजे कुस्ती, बॅडमिंटन, टेबल टेनिस, हॉकी, क्रिकेट, स्क्वॉश. बर्मिंगहॅमला ह्यांत आपली पदकं अनुक्रमे 12, 6, 7, 2, 1 आणि 2. बेरीज 30. म्हणजे 61 पैकी निम्मी. सोन्याचं विचाराल तर 22 पैकी 13, त्यात एकट्या कुस्तीची 6. कुस्तीत तर आपले 12 जण गेले होते आणि 12 ही पदक घेऊन परतले! कृष्णाकाठच्या माणसाला राष्ट्रकुलात कुस्ती नाही हे सांगणंच जड जातं. उरलेल्या 31 चा भार वेटलिफ्टिंग, ॲथलेटिक्स, बॉक्सिंग, ज्युदो, लॉन बोल्स आणि पॅरा पॉवरलिफ्टिंगवर.

"म्हणजे ग्लासगोत 30 आली तरी घसरलो म्हणायचं नाही?" शेठ.

नाही म्हणायचं. आणि उलटही. दिल्लीत 2010 ला आपण 101 पदकं घेतली, दुसरे आलो. त्यात नेमबाजीची 30, कुस्तीची 19, तिरंदाजीची 8. यजमान आपणच असल्यावर पंगतीत आपल्या आवडीचे पदार्थ असणारच. 2030 चं यजमानपद अहमदाबादला मिळालंय. तिथं आकडा फुगला की शेठ पेढे मागवतील, आणि मी ते खाईन, पण पावती आणि पेन घेऊनच बसेन.