पाच खडे आणि एक झेल

सागरगोटा हातात घेऊन नीट पाहा. राखाडी, गुळगुळीत, अंगावर केसासारख्या बारीक रेघा, आकाराने सुपारीहून जरा लहान. काट्यांनी भरलेल्या शेंगेत असे एक-दोनच दाणे मिळतात. कुठे याला गजगा म्हणतात, काष्ठौषधीच्या दुकानात लताकरंज. तो पुरता गोल नसतो, एका अंगाला थोडा दबलेला असतो. खेळात त्याचा मोठा गुण हाच. टाकला की फार घरंगळत नाही आणि चिमटीत मात्र पटकन येतो.

डाव पाचांचा. पाची सागरगोटे जमिनीवर पसरायचे, एक उचलून वर उडवायचा, तो हवेत असताना खालचा एक टिपायचा आणि त्याच हाताने वरचा झेलायचा. असे एकेक करून चारी. मग दोन-दोन. मग एकदा तीन आणि एकदा एक. मग चारी एकदम. शेवटी पाची उडवून पालथ्या हातावर घ्यायचे आणि तिथून पुन्हा उडवून मुठीत. टिपताना शेजारचा हलला तर डाव गेला. गावोगावी यात भर पडते, पण कणा हाच.

कोरियातली मुलं गोंगी खेळतात, त्याची चढण पायरीला पायरी अशीच आहे: एकेक, दोन-दोन, तीन-एक, चार, मग पालथा हात. त्या शेवटच्या झेलीत जितके खडे मुठीत येतील तितकी ‘वर्षं’ मिळतात. गुणांना तिथे वर्षंच म्हणतात. पालथ्या हातावर चार टेकले असतील तर चारी झेलायला हवेत, एक निसटला तरी पाळी गेली. तुर्कस्तानात या खेळाला बेशताश म्हणतात, तमिळमध्ये अंजांगल, इस्रायलमध्ये हामेश अवानीम. तिन्हींचा अर्थ एकच, पाच दगड. ग्रीकांच्या पेंतेलिथाचा अर्थही तोच. इ. स.च्या दुसऱ्या शतकातल्या पोलक्स नावाच्या कोशकाराने त्याचं वर्णन केलंय. पाची उडवून पालथ्या हातावर घ्यायचे. जे खाली पडतील ते, हातावरचे न पाडता, बोटांनी उचलायचे. हे आज करून पाहा, घाम फुटतो. इटलीतल्या हेर्क्युलेनियम या जुन्या रोमन शहरात संगमरवरावरचं एक चित्र सापडलं, त्यात बायका हाच खेळ खेळताना दिसतात. चित्रकार ब्रॉयगलने 1560 साली मुलांच्या खेळांचं मोठं चित्र रंगवलं, त्याच्याही खालच्या डाव्या कोपऱ्यात दोन मुली हाडांचे खडे घेऊन बसल्या आहेत.

पाचच का? मला याचं उत्तर हातात दिसतं. एक उडवला की खाली चार उरतात, आणि चाराची फोड एकेक, दोन-दोन, तीन-एक, चार अशी सरळ चढत जाते. आणि मुलाच्या पालथ्या हातावर पाचाहून जास्त खडे सहजी टेकत नाहीत.

खेळ एकच असला तरी खडा बदलला की नियम बदलतो, आणि मला यातलं सगळ्यात सुंदर तेच वाटतं. मंगोलियात मेंढीच्या घोट्याचं हाड घेतात, त्याला शागाय म्हणतात. हाडाला चार वेगळ्या बाजू असतात आणि त्यांची नावं घोडा, उंट, मेंढी, बकरी अशी. त्यामुळे झेलण्याच्या जोडीला दानही आलं: कोणती बाजू वर पडली यावर डाव फिरतो. सिंगापूर-मलेशियात कापडाच्या चिमुकल्या तिकोनी पुरचुंड्या वापरतात. पुरचुंडी पडते तिथेच बसते, म्हणून तिथल्या पायऱ्या अवघड होत गेल्या. झिम्बाब्वेतल्या न्होदोत जमिनीत वाटीएवढा खळगा करून त्यात बरेच खडे ठेवतात. मोठा खडा उडवायचा, तेवढ्यात खळग्यातले खडे बाहेर ओढायचे. पुन्हा उडवून एक सोडून बाकीचे आत ढकलायचे. खडे लांब पांगू नयेत याची सोय तो खळगाच करतो. अमेरिकेत धातूचे काटेरी जॅक आणि रबरी चेंडू आला. चेंडूला एक टप्पा घेऊ देतात, म्हणून हाताला जास्त वेळ मिळतो आणि जॅक पाचाऐवजी दहा ठेवता येतात.

हा वेळच खरी गोष्ट आहे. हातापासून 30 सेंटिमीटर वर उडवलेला खडा परत यायला साधारण अर्धा सेकंद घेतो. 60 सेंटिमीटर उडवला तर 0.7 सेकंद. उंची दुप्पट केली तरी वेळ दीडपटसुद्धा होत नाही, खडा वाकडा जाण्याची शक्यता मात्र खूप वाढते. नवशिकी मुलं घाबरून डोक्याच्या वर उडवतात आणि मग सरकत, लोळत झेलायला जातात. एकेक टिपताना 30 ते 40 सेंटिमीटर पुरतात, चार एकदम टिपायचे तेव्हाच 60.

दुसरी चूक नजरेची. खडा वर गेल्यावर खाली पाहायचं नाही. कुठला टिपायचा ते उडवण्याआधीच ठरवायचं, त्याची जागा मनात धरायची आणि नजर वरच्या खड्यावर ठेवायची. हात आपोआप जातो. तिसरी चूक मनगटाची. खांद्यातून उडवला की खडा पुढे जातो. कोपर अंगाशी ठेवून मनगटाने सरळ वर सोडला की जिथून गेला तिथेच येतो. चार एकदम टिपायचे तर ते आधी जवळजवळ पडायला हवेत, म्हणजे पसरतानाच खडे जमिनीच्या चार बोटं वरून सोडायचे.

पालथ्या हाताची खुबी निराळी. बोटं जुळवून किंचित वर उचलायची, म्हणजे मधे खोलगट जागा होते. खडे वीतभरच उडवायचे आणि ते टेकताना हात त्यांच्याबरोबर थोडा खाली न्यायचा. हात ताठ ठेवला की खडे आपटून उडतात.

फरशीवर खेळू नका. खडे फार पळतात आणि मुलांचा धीर सुटतो. सारवलेली जमीन उत्तम, नाहीतर सतरंजी.

सागरगोटे नसतील तर नदीतले, एका अंगाला चपटे असलेले दोनेक सेंटिमीटरचे गोटे चालतात. बिट्ट्या मात्र लहानांना देऊ नका. बिट्टी म्हणजे पिवळ्या कण्हेरीची बी. ती विषारी असते, हृदयावर परिणाम करते, आणि लहान मूल हातातलं तोंडात घालतंच.

सहा वर्षांच्या आतल्यांसाठी पुरचुंड्याच बऱ्या. 12 बाय 6 सेंटिमीटरचा सुती तुकडा, सुलटी बाजू वर ठेवून, दुमडून चौकोन करा. घडीसमोरची आणि खालची बाजू अर्धा सेंटिमीटर आत शिवा, सुलटवा, दोन चहाचे चमचे मटकी भरा. उघडं तोंड मिटताना घडी आणि तिच्यासमोरची शिवण एकमेकींना भिडवा, म्हणजे तिकोनी आकार आपोआप येतो. गच्च भरू नका, पुरचुंडी टणक झाली की हातातून उसळते. मटकी आधी कोरडी भाजून गार करून घ्या, नाहीतर पावसाळ्यात आत पोरकिडे होतात.