वरुणतीर्थाची वेस आणि आमचा फ्लॅट

परवा बायकोच्या हट्टापायी कोल्हापुरात पंचगंगा नदीकडच्या अंगाला फ्लॅट बघायला गेलो. एजंट पोरगं गोड बोलत होतं: "काका, समोर कायम मोकळं, व्ह्यू जाणार नाही." समोर म्हणजे लव्हाळं, गुडघाभर चिखल, चार म्हशी आणि पाठीवर बसलेले बगळे. त्याच्या शेजारीच मुरमाचा ताजा ढीग! म्हटलं, व्ह्यूवरच भराव पडायला लागलाय की रे.

मी शिवाजी पेठेतला. आमचं गांधी मैदान म्हणजे बुजवलेलं वरुणतीर्थ तळं. अजून मोठा पाऊस झाला की मैदानात पाणी साचतं. तळं आपली जागा विसरत नाही. कपिलतीर्थाची तर मंडई झाली. तिथं भाजी घेताना खाली तळं होतं हे कुणाच्या ध्यानात येतंय?

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही पुराची धोका पातळी. २०१९ ला आणि परत २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. ते पाणी पसरायला जी सखल, पाणथळ जमीन लागते, तिलाच आपण 'पडीक' म्हणतो. निळ्या पूररेषेच्या, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येतं ते नकाशावर दाखवणाऱ्या रेषेच्या, आत बांधकामाला बंदी असते, पण मुरूम टाकून जागा उंच केली की पाणी शेजारच्या गल्लीत शिरणारच.

पोराला विचारलं, निळी रेषा कुठंशी येते? त्यानं ब्रोशर उलटंपालटं केलं आणि म्हणाला, "क्लबहाऊसची पानं बघा की."

बायको अजून बोलत नाहीये. बाल्कनी तिला लई आवडली होती.