आमची वाटचाल : डंख मारणाऱ्या कोरलांना जागा देताना

आमचा व्यवसाय सुरू झाला तो काचा पुसण्यापासून. घरोघरचे खाऱ्या पाण्याचे टँक साफ करायचे, पाणी बदलायचं, पंप उघडून गाळ काढायचा, एवढंच काम मी आणि माझा भागीदार घेत होतो. ग्राहकांकडे फक्त मासे होते तोवर ते पुरेसं होतं. मग कोरलं, म्हणजे जिवंत प्रवाळ, आली आणि फोनवरचे प्रश्नच बदलले. ‘पाण्याचे सगळे आकडे ठीक आहेत, लाइट चांगला आहे, तरी फेव्हिया कोरल एकाच बाजूने पांढरं का पडतंय?’

पाणी बिघडलं की कोरल सहसा सगळीकडून आक्रसतं. कडेची एकच पट्टी जाऊन खालचा सांगाडा उघडा पडला असेल, तर आम्ही आधी शेजारी कोण आहे ते पाहतो. अडचण अशी, की दिवसा शेजारी अगदी निरुपद्रवी दिसतो. दोघांच्या मधे चांगली मोकळी जागा असते आणि ग्राहकाचा विश्वास बसत नाही. म्हणून आम्ही लाइट बंद झाल्यावर जायला लागलो. आमच्या कामाला खरी दिशा मिळाली ती या रात्रीच्या भेटींमुळे.

गॅलेक्सिया हे कोरल रात्री पाहावं. दिवसा त्याचे तंतू नखाएवढे, टोकाला पांढरा ठिपका, सगळा गोळा फुलांच्या गुच्छासारखा. अंधारात मंद लाल टॉर्च धरला की कडेच्या काही पॉलिप्समधून (कोरल ज्या छोट्या जीवांचं बनलेलं असतं त्यांतून) निघालेले वेगळेच तंतू दिसतात : पारदर्शक, दोऱ्यासारखे बारीक आणि वीतभर लांब. पाण्याचा झोत आला की ते त्याच दिशेने ताणले जातात, टोक शेजारच्या कोरलला लागतं, झोत ओसरला की मागे येतात. रात्रभर हेच चालतं. हेच स्वीपर. त्यांच्या टोकांत डंखपेशी खच्चून भरलेल्या असतात. प्रत्येकीत गुंडाळलेला सूक्ष्म दोरा असतो आणि स्पर्श होताच तो उलगडून समोरच्याच्या मांसात घुसतो.

अगदी चिकटून बसलेल्या शेजाऱ्यांसाठी आणखी एक शस्त्र असतं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला संशोधक ज्युडिथ लँग यांनी जमैकाच्या प्रवाळांवर काम करताना दाखवून दिलं, की काही कोरलं पोटातले पाचक तंतू बाहेर काढून शेजाऱ्याचं मांस जागच्या जागी पचवतात. घरच्या टँकमध्ये हायड्नोफोरा या कोरलच्या बाबतीत आम्ही हे फार गांभीर्याने घेतो. स्वीपर मात्र लगेच तयार होत नाहीत, शेजारी जवळ आल्यावर त्यांना वाढायला काही आठवडे लागू शकतात. पहिल्या महिन्यात शांत दिसणारा टँक नंतर का बिघडतो, याचं हे एक मोठं कारण आहे.

यातून आमच्या कामाचा क्रम उलटा झाला. पूर्वी कोरल घरी यायचं आणि मग मोकळी जागा शोधली जायची. आता आम्ही आधी ग्राहकाकडून हव्या असलेल्या कोरलांची यादी मागतो आणि त्यावरून दगड रचतो. गॅलेक्सियाला वाळूवर स्वतंत्र दगड, मुख्य रचनेपासून तुटलेला. चारही बाजूंना किमान २५ ते ३० सेंमी मोकळे. ६० सेंमी लांबीच्या टँकसाठी कोणी ते मागितलं तर आम्ही नाही म्हणतो. त्यावरून काही ग्राहक नाराज होऊन गेले, पण या बाबतीत आम्ही बदललो नाही आणि बदलणारही नाही.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो प्रवाहावर. पाण्यात चिमूटभर बारीक खाद्य सोडायचं आणि कण कुठे वाहतात ते बघत बसायचं. डंख मारणारं कोरल प्रवाहाच्या शेवटच्या टोकाला ठेवायचं, म्हणजे त्याचे तंतू काचेकडे जातात. वेव्हमेकर (पाण्यात लाटा उठवणारे पंप) आलटूनपालटून चालत असतील तर हा हिशेब कोलमडतो. मग दोन्ही बाजूंना जागा सोडावी लागते. थेट झोत तर कधीच मारू नये, त्याने तंतू आणखी लांबतात.

टॉर्च, हॅमर आणि फ्रॉगस्पॉन ही तिन्ही कोरलं बरीच वर्षं युफिलिया म्हणूनच ओळखली जात होती. २०१७ मध्ये हॅमर आणि फ्रॉगस्पॉन फिम्ब्रियाफिलिया या प्रजातीत गेली, टॉर्च मागे राहिलं. टँकमध्येही ही फारकत दिसते. हॅमर आणि फ्रॉगस्पॉन सहसा एकमेकांना लागून सुखाने वाढतात, टॉर्च मात्र दोघांनाही भाजतं. टॉर्चला टॉर्चचीच सोबत द्यावी, इतरांपासून १५ सेंमी तरी दूर, आणि हे अंतर कोरल पूर्ण फुललेलं असताना मोजावं. त्याच्या वरच्या दगडावर फ्रॅग, म्हणजे कोरलचे कापून लावलेले तुकडे, नुसते टेकवून ठेवू नयेत. गोगलगाय रात्री धक्का देते आणि फ्रॅग थेट टॉर्चच्या मांडीत पडतो. आम्ही प्रत्येक फ्रॅग चिकटवूनच निघतो.

मऊ कोरलांपुढे अंतराचा उपाय अपुरा पडतो. सार्कोफायटन, सिन्युलेरिया यांची शेजाऱ्यांना त्रास देणारी रसायनं पाण्यातूनच पसरतात. तिथे ती रसायनं शोषणारा ॲक्टिव्हेटेड कार्बन, तो वेळच्या वेळी बदलणं आणि नियमित पाणी बदलणं, एवढंच.

आज आमच्याकडे थोडी माणसं वाढली आहेत. नवीन मुलगा कामाला आला की त्याला टेस्ट किटच्या आधी लाल उजेडाची बॅटरी देतो आणि रात्रीच्या फेरीला नेतो. प्रत्येक नव्या टँकच्या करारात जागांचा नकाशा असतो, आणि कोरलं बसवल्यानंतर काही आठवड्यांनी लाइट बंद झाल्यावरची एक भेटही असते. ती भेट ग्राहकाच्या सोयीने ठरते, तिचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही. वाढलेल्या टॉर्चच्या फांद्या कापून देण्याचं कामही हल्ली आम्ही सुरू केलं आहे. कापलेली डोकी कोणाकडे जाणार, हे मात्र त्या घरचा नकाशा पाहूनच ठरवतो.