वायरलेस माईक घेताना आधी मेगाहर्ट्‌झ विचारा

लग्नसराई किंवा यात्रा तोंडावर आली की अहिराणी गाण्यांच्या पार्ट्या, कीर्तनकार, साउंडवाले सगळेच नवा माईक बघायला निघतात. दुकानात पहिला प्रश्न ठरलेला: ‘एका सेटात किती माईक येतात?’ विचारायला हवं ते वेगळंच. सेट कोणत्या मेगाहर्ट्‌झवर चालतो, आणि तो आकडा, म्हणजे फ्रिक्वेन्सी, बदलता येतो का?

700 च्या वरचा यूएचएफ, म्हणजे अतिउच्च फ्रिक्वेन्सीचा, सेट स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. 703 ते 748 आणि 758 ते 803 हा पट्टा आता मोबाइलचा आहे; 2022 च्या लिलावानंतर जिओचं 5जी तिथे चालतं. 2.4 गिगाहर्ट्‌झवाले सेट छोट्या हॉलला ठीक. मोठ्या मांडवात मात्र दुपारी चार वाजता रिकाम्या खुर्च्यांपुढे ते झकास चालतात आणि रात्री आठला तुटायला लागतात. वायफाय, ब्लूटूथ, हॉटस्पॉट सगळं त्याच पट्ट्यात, शिवाय माणसाच्या अंगातलं पाणी ही लहर शोषून घेतं. डब्यावरचे ‘100 मीटर’ मोकळ्या मैदानातले असतात, सारंगखेड्याच्या यात्रेतले नव्हेत. म्हणून 500 ते 600 च्या आसपासचा, फ्रिक्वेन्सी बदलता येणारा, दोन अँटेनांचा खरा डायव्हर्सिटी (एकाच माईकसाठी दोन्ही अँटेनांतून चांगला सिग्नल निवडणारा) यूएचएफ सेट घ्यावा. दोन अँटेना दिसल्या म्हणजे डायव्हर्सिटी असतेच असं नाही. दोन माईकच्या स्वस्त सेटात बहुतेक वेळा एकेक अँटेना एकेका माईकची असते.

रिसीव्हरची, म्हणजे माईकचा सिग्नल पकडणाऱ्या डब्याची, मागची बाजूही बघा. चार माईकना मिळून एकच मिक्स आउटपुट असेल, तर निवेदकाचा आवाज वाढवताना गायकाच्या माईकची शिट्टी वाजणार. प्रत्येक माईकचं वेगळं एक्सएलआर (तीन पिनांचं) आउटपुट हवंच. चार माईकच्या अशा डब्यापेक्षा त्याच पैशात दोन चांगले घ्यावेत, उरलेले दोन वायरचे.

फ्रिक्वेन्सी लावताना सगळ्यात जास्त घोळ होतो. सारख्या अंतरावरचे आकडे घेऊ नका. 510.0 आणि 510.8 एकत्र चालले की त्यांच्या मिश्रणातून 509.2 आणि 511.6 वर भुतं, म्हणजे नको असलेले सिग्नल, उभी राहतात. तिसरा माईक 511.6 वर ठेवलात की खरखर आलीच. तोच 512.0 वर न्या, तिन्ही मोकळे राहतात. मोकळ्या फ्रिक्वेन्सी शोधायला स्कॅन करताना आपले माईक बंद, पण एलईडी वॉल आणि लाइट चालू हवेत, कारण वॉलचा रेडिओ गोंगाट फार असतो. मग एकेक माईक लावायचा आणि तो चालूच ठेवून पुढच्याची जागा शोधायची.

रिसीव्हर टेबलाखाली, पत्र्यामागे किंवा लोखंडी ट्रसला चिकटवून ठेवणं हा आपल्याकडचा जुना रोग. अँटेना माणसांच्या डोक्यांच्या वर, व्ही आकारात, स्टेज समोर दिसेल अशा ठेवा. माईकपासून निदान तीन मीटर लांब. 500 मेगाहर्ट्‌झला पाव लहर 15 सेंटीमीटरची, म्हणून दुसऱ्या पट्ट्याची उचलून लावलेली अँटेना चालल्यासारखी वाटते, पण लांब गेलं की उघडी पडते.

बॉडीपॅकला, म्हणजे कमरेला खोचायच्या ट्रान्समीटरला, घाम सोसत नाही. वैशाखात 45 अंशांत नऊवारीत खोचलेला पॅक भिजतो आणि अँटेना अंगाला चिकटून पल्ला घटतो. पॅक छोट्या प्लास्टिक पिशवीत घाला, अँटेना खाली सरळ सुटी राहू द्या. हँडमाईकची जाळी मुठीत धरली तर शिट्टी, आणि बूड धरलं तर सिग्नल मार खातो, कारण बहुतेकांची अँटेना बुडातच असते. गायकाला हे आधीच सांगा. कॉलर माईक बोलण्यापुरता. टाळ-पखवाजात उभ्या कीर्तनकाराला हेडसेटच द्या.

गेन, म्हणजे माईक आवाज किती उचलतो ते, माईकवरच आधी नीट लावा: गायक सर्वांत वरच्या सुरात ओरडेल तेव्हा लाल दिवा क्वचितच लागावा. तिथे आवाज फाटला तर मिक्सरवर काही दुरुस्त होत नाही.

सेल चार्जिंगचे असतील तर निकेलवाले 2000 एमएएचच्या वरचे घ्या आणि माईकमध्ये सेलचा प्रकार निवडता येत असेल तर निवडा, नाहीतर 1.2 व्होल्टचे असल्यामुळे मीटर भरलेला सेलही अर्धा दाखवतो. यूएसबीवर चार्ज होणारे 1.5 व्होल्टचे लिथियम सेल शेवटपर्यंत भरलेले दिसतात आणि मग एकदम मान टाकतात. मध्यंतरात सगळेच बदलावेत. आणि वायरचा एक माईक, मिक्सरला जोडलेला, फेडर (आवाजाची सरकपट्टी) खाली करून स्टेजच्या कडेला स्टँडवर असू द्या.