हुमायूनच्या कबरीवर इस्रायलची चांदणी कशी?

दिल्ली बघून आलेलं कुणी ना कुणी मला फोटो दाखवतंच. हुमायूनच्या कबरीची उंच कमान आणि तिच्या दोन्ही अंगांना तांबड्या दगडात जडवलेली, पांढऱ्या संगमरवराची सहा टोकांची चांदणी. पाठोपाठ प्रश्न येतो, "सर, ही तर इस्रायलच्या झेंड्यावरची. मुघलांकडे कशी?"

मी भूमिती शिकवतो, म्हणून आधी कर्कटक हातात देतो. वर्तुळ काढा. कर्कटकाचं अंतर तेवढंच ठेवून परिघावर खुणा करत चला. सहा पावलांत जिथून निघालात तिथेच नेमके परत येता. आता एकाआड एक खुणा पट्टीने जोडा: दोन समभुज त्रिकोण, एकमेकांत गुंतलेले. कोनमापकाची गरजच नाही. खुंटी आणि दोरी ज्याच्यापाशी होती, त्या कुठल्याही देशातल्या गवंड्याला ही आकृती सापडणारच होती. तिच्यात अर्थ भरले ते माणसांनी.

आणि किती भरले! आपल्याकडे तंत्रात वर टोक केलेला त्रिकोण शिवाचा, खाली टोक केलेला शक्तीचा. अनाहत चक्राच्या बारा पाकळ्यांच्या मधोमध हाच षट्कोण. युरोपातल्या किमयागारांना त्यात अग्नी आणि पाणी दिसलं. बव्हेरियाच्या काही गावांत ती घरावर टांगलेली दिसली की समजायचं, इथे आज घरची बिअर मिळेल. इस्लामी परंपरेत ती सुलेमानाची मुद्रा, आणि सुलेमान हे पैगंबर. तेव्हा मकबऱ्यावर ती परकी नाहीच. ती पाहून 'हे मूळचं देऊळच' असे मेसेज फिरतात, त्यांनाही या दगडांत काही आधार नाही.

ज्यूंचं प्राचीन चिन्ह मेनोरा, म्हणजे सात फांद्यांचा दीपवृक्ष. चांदणी त्यांची सर्वत्र ओळख बनली ती पुष्कळ उशिरा. १८९७च्या स्वित्झर्लंडमधल्या बाझेल परिषदेनंतर ती झायनिस्ट चळवळीची, म्हणजे ज्यूंना स्वतःचा देश मागणाऱ्या चळवळीची झाली. मग सप्टेंबर १९४१मध्ये नाझी जर्मनीने सहा वर्षं पूर्ण झालेल्या ज्यूंना पिवळ्या कापडाची चांदणी छातीवर डाव्या बाजूला शिवायला लावली, मधोमध 'यूडे', म्हणजे ज्यू, असं लिहिलेली. हे सांगितल्याशिवाय मी तो तास संपवत नाही. पहिलीतल्या पोराच्या सदऱ्यावरसुद्धा ती होती.

हीच चांदणी १९४८मध्ये इस्रायलने निळ्या रंगात आपल्या ध्वजावर घेतली. हुमायूनची कबर तोवर पावणेचारशे वर्षांची झाली होती.