मलावीत डोळ्याच्या कॅन्सरच्या स्टडीत काम करताना: माझा अनुभव

मी मूळची मिरजेची, डीएमएलटी झालेली, बरीच वर्षं हिस्टोपॅथॉलॉजीच्या, म्हणजे शरीरातून काढलेले तुकडे तपासायच्या लॅबमध्ये काम केलेलं. तुकडा आला की मेणात ब्लॉक करा, मायक्रोटोमवर पातळ कापा, स्टेन करा म्हणजे रंग द्या, स्लाइड पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर ठेवा, विषय संपला. नवऱ्याला आफ्रिकेतल्या मलावीत लिंबेला नोकरी लागली (लिंबे म्हणजे ब्लँटायर शहराला चिकटूनच, गुजराती दुकानं इतकी की तूरडाळ, हिंग सगळं मिळतं) आणि मीही आले. काही महिने घरी बसून कंटाळा आला तेव्हा डोळ्याच्या कॅन्सरवरच्या एका छोट्या स्टडीत काम मिळालं. घेतलं होतं लॅबसाठी, पण निम्म्याहून जास्त वेळ गेला पेशंट शोधण्यात. ते कसं झालं ते लिहितेय, कारण ओळखीतल्या दोघीतिघी पब्लिक हेल्थ करून आफ्रिकेत प्रोजेक्टवर जायचं म्हणतायत आणि त्यांच्या डोक्यात रिसर्च म्हणजे लॅपटॉप आणि आकडेमोड एवढंच आहे. हॉस्पिटलचं आणि प्रोजेक्टचं नाव लिहीत नाही, गरज पण नाही.

आधी आजार. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर जे पातळ आवरण असतं, कंजंक्टायव्हा, त्याचा कॅन्सर, डॉक्टर लोक ओएसएसएन (ऑक्युलर सरफेस स्क्वेमस निओप्लेझिया) म्हणतात. सुरुवातीला दिसतो अगदी साधा, बुबुळाच्या कडेला पांढुरका किंवा लालसर उंचवटा, आपल्याकडे डोळ्यात मांस वाढलं म्हणतात, जुनी माणसं वडस म्हणतात, अगदी तसाच, त्यामुळे पेशंट पण सहा-सहा महिने थांबतो आणि खालच्या दवाखान्यात ड्रॉप्स देऊन परत पाठवतात. मी मिरजेत असताना असा तुकडा क्वचित यायचा आणि आला तर म्हाताऱ्या माणसाचा. इथे तिशी-चाळिशीतली माणसं, त्यात बायका जास्त. कारण एचआयव्ही, आणि त्यावर इथलं ऊन. युगांडात कंपालाच्या कॅन्सर रजिस्ट्रीत, म्हणजे पेशंटच्या नोंदवहीत, १९७० ते १९८८ मध्ये हा कॅन्सर दहा लाखात वर्षाला साधारण ६ जणांना होत होता, १९९२ ला तो ३५ वर गेला, म्हणजे एचआयव्हीची साथ आली आणि मागोमाग हा आला. मलावीत २०२०-२१ च्या सर्व्हेत मोठ्या माणसांमध्ये एचआयव्ही ८.९ टक्के होता. औषधं फुकट आहेत आणि खूप लोक घेतात पण, ह्या बाबतीत ह्या गरीब देशाचं कौतुक केलंच पाहिजे, २०११ मध्ये प्रत्येक एचआयव्ही बाधित गरोदर बाईला आयुष्यभराचं औषध सुरू करायचं हे पहिल्यांदा मलावीने ठरवलं, बाकीचे देश नंतर आले.

तर आमची स्टडी साधी होती. संशयित गाठ दिसली की काढायची, तुकडा तपासायचा, आणि मग वर्षभर बघायचं परत येते का. ऑपरेशन लोकल भूल देऊन होतं, पेशंट त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी. इथे डोळ्याचे सर्जन देशभरात मोजकेच, बरंचसं काम ऑफ्थाल्मिक क्लिनिकल ऑफिसर करतात, एमबीबीएस नसतात ते पण हात असा की बघत राहावं.

लॅबचा भाग पटकन सांगते. तुकडा नखाएवढा पण नसतो, तसाच फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा टिकवायचं द्रावण) टाकला की तळताना पापड वळतो तसा वळतो आणि मग कुठली कड कुठली ते कळतच नाही, आणि कडेला कॅन्सरच्या पेशी उरल्यात का हाच तर प्रश्न असतो. म्हणून थिएटरमध्येच तो फिल्टर पेपरवर सपाट पसरायचा, दोन मिनिटं चिकटू द्यायचा, नाकाकडची बाजू पेन्सिलने लिहायची आणि मग फॉर्मॅलिन. हे सगळ्यांना सवय होईपर्यंत मी थिएटरच्या दारात उभी राहायचे फिल्टर पेपरचं पाकीट घेऊन. दुसरं म्हणजे लाइट. जानेवारी २०२२ मध्ये आना वादळात कापिचिरा धरणाचं नुकसान झालं आणि देशाची बरीच वीज गेली ती कित्येक महिने. टिश्यू प्रोसेसर, म्हणजे तुकडा मेणात बसवण्यासाठी तयार करणारं मशीन, रात्रभर चालतो, मधेच बंद पडला तर तुकडा वाया, आणि हा तुकडा परत मागता येत नाही ना, पेशंटच्या डोळ्यात तेवढाच होता. म्हणून आम्ही मशीन सोडून हाताने प्रोसेसिंग करायला लागलो, दिवसा, बरण्या ओळीने मांडून, मोबाइलवर गजर लावून. जुन्या मॅडमनी शिकवलेलं तेव्हा वाटायचं हे कशाला आता, तेच कामी आलं.

आता खरा विषय, फॉलोअप. गाठ परत येते ती बहुतेक करून पहिल्या वर्षात. केनियात डॉक्टर स्टीफन गिचुही यांच्या टीमने ट्रायल केली होती, २०१६ ला छापून आली, ऑपरेशननंतर जखम भरली की ५-एफयू ह्या कॅन्सरच्या औषधाचे ड्रॉप्स दिवसातून चारदा महिनाभर, वर्षानंतर ड्रॉप्स घेतलेल्यांपैकी सुमारे ११ टक्क्यांना गाठ परत आली आणि नुसतं खोटं औषध घेतलेल्यांपैकी ३६ टक्क्यांना. केवढा फरक आहे हा, आणि ५-एफयू जुनं स्वस्त औषध. हा पेपर मला डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात वाचायला दिला होता. तेव्हा मी ११ आणि ३६ बघितलं. आता तोच पेपर उघडला की मला दुसरेच आकडे दिसतात, घेतले ९८ पेशंट आणि वर्षानंतर मोजले ९४. चारच सुटले! ते कुणी आणि कसं केलं असेल ह्याचा विचार करूनच मला घाम फुटतो.

कारण बघा, जे येत नाहीत ते का येत नाहीत हे माहीत नसतं. डोळा छान आहे म्हणून नाही आले, की गाठ परत आली आणि गावात कुणाकडून औषध घालून घेतायत, की माणूसच गेला. फक्त आलेल्यांवरून टक्के काढले तर कुठल्याही बाजूला चुकू शकतं, आणि मग हजार पानांचा डेटा असून काय उपयोग.

पत्ता हा प्रकार इथे नाही. घर नंबर नाही, गल्ली नाही. पहिल्या फॉर्मवर गाव, जिल्हा आणि फोन एवढंच होतं आणि त्यातला फोन निम्म्या वेळा शेजाऱ्याचा. तिथेच मोठा प्रश्न, शेजाऱ्याला सांगणार काय? कॅन्सरची स्टडी म्हणायचं नाही, कारण इथे डोळ्याच्या ह्या गाठीचा आणि एचआयव्हीचा संबंध लोकांना बरोबर कळतो. काही पेशंटना तर एचआयव्ही आहे हे डोळ्याच्या निमित्ताने टेस्ट केली तेव्हाच कळलेलं असतं, आणि बरोबर गार्डियन म्हणून आलेल्या नवऱ्याला किंवा बहिणीला अजून सांगितलेलं नसतं. (गार्डियन म्हणजे पेशंटबरोबरचा नातेवाईक, स्वयंपाक, अंघोळ, सगळं तोच बघतो, वॉर्डाबाहेर चुली पेटलेल्या असतात.) म्हणून फोनवर बोलायचं एकच ठरलेलं वाक्य, चिचेवा ह्या इथल्या भाषेत, डोळ्याच्या दवाखान्यातून बोलतोय, तपासणीची तारीख आली आहे, बस. आणि हे वाक्य सुद्धा एथिक्स कमिटीकडून पास करून घेतलेलं. मला आधी अति वाटलं होतं. एकदा शेजारीण फोनवर खोदून खोदून विचारायला लागली, कसला आजार, काय झालंय तिला, तेव्हा पटलं.

मग आम्ही फॉर्म बदलला. गाव, ट्रॅडिशनल ऑथॉरिटी (म्हणजे मोठ्या पारंपरिक प्रमुखाचा इलाखा), गावच्या प्रमुखाचं नाव, जवळची मक्याची गिरणी किंवा चर्च किंवा शाळा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या भागाचा एचएसए कोण. एचएसए म्हणजे सरकारी आरोग्यसेवक, आपल्या आशाताई आणि एमपीडब्ल्यूच्या मधलं काहीतरी म्हणा, पगारी असतात, सायकलवर नाहीतर मोटरबाइकवर फिरतात, कोण कुठे राहायला गेलं, कोण शेतीच्या मजुरीला गेलं सगळं त्यांना ठाऊक. पेशंटची परवानगी असेल तरच त्यांना सांगायचं, पण ज्यांनी दिली ते जवळजवळ सगळे सापडले. आणि पेशंटजवळ स्वतःचा हेल्थ पासपोर्ट असतो, छोटी वही, सगळे दवाखाने त्यातच लिहितात, आम्ही तारीख त्याच्या मुखपृष्ठावर आतून चिकटवायला लागलो कारण मधल्या पानावर लिहिलेलं कोण बघतं.

मार्च २०२३ मध्ये फ्रेडी वादळ आलं. ब्लँटायरच्या डोंगरउतारावरच्या वस्त्या चिखलाखाली गेल्या, खाली फालोम्बे, मुलांजेकडे रस्ते पूल वाहून गेले, देशात मेलेले आणि बेपत्ता मिळून हजारावर. लोक शाळांमध्ये राहायला गेले. तेव्हा कोणी मला विचारलं की तुमच्या स्टडीचं काय तर लाज वाटायची उत्तर द्यायला, पण खरं सांगायचं तर यादी घेऊन बसलोच आम्ही, कारण काही जणांचे ड्रॉप्स चालू होते आणि त्यांची बाटली, वही, फोन सगळं गेलेलं. आमचे क्लिनिकल ऑफिसर कॅम्पमध्ये डोळे तपासायला जाणाऱ्या टीमबरोबर गेले आणि आमचे काही पेशंट त्यांना तिथेच रांगेत भेटले, रांगेतले बाकीचे लोक डोळे आल्याच्या तक्रारी घेऊन आलेले. आमचे काही पेशंट नाहीच सापडले.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये क्वाचा, म्हणजे इथलं चलन, उतरवला, डॉलर ११८० क्वाचांवरून एकदम १७००, म्हणजे ४४ टक्क्यांनी महाग. आम्ही पेशंटला येण्याजाण्याचे पैसे मोबाइल मनीवर द्यायचो, ती रक्कम प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे स्टडीच्या मंजूर आराखड्यात, क्वाचात लिहिलेली. मिनीबसचं भाडं वाढलं, पेट्रोलला रांगा, आणि आम्ही देत होतो ते एका बाजूच्या भाड्याला पण पुरेना. वाढवायचे तर अमेंडमेंट टाका, म्हणजे प्रोटोकॉल बदलायचा अर्ज, मग एथिक्स कमिटीचा प्रश्न येतो की जास्त पैसे दिले तर गरीब माणूस पैशासाठी स्टडीत येईल त्याचं काय. प्रश्न चुकीचा नाही. पण खिशातून भाडं भरून येणारी बाई मग येतच नाही, आणि तिचा डोळा कोण बघणार? मी चारी बाजूच्या स्टँडवर फिरून भाड्याची यादी केली, गावागणिक, ड्रायव्हरना विचारून, आणि ती अर्जाला जोडली. रक्कम ठरवून न देता प्रत्यक्ष भाडं अधिक एक जेवण असं मागितलं. ते मंजूर झालं, मधे वेळ गेला, त्या काळातल्या व्हिजिट्सचे खड्डे शीटमध्ये अजून दिसतात.

घरी आई विचारते, तू कॅन्सर शोधतेस म्हणजे नक्की काय करतेस गं. काय सांगणार, आई मी गिरण्यांची नावं लिहिते.

सध्या पुढच्या टप्प्याचं प्रपोजल चाललंय. बजेटमध्ये पहिल्या ओळीला स्टेन, अँटिबॉडी असं होतं, मी डॉक्टरांना सांगून एचएसएच्या मोटरबाइकचं पेट्रोल वर घ्यायला लावलं आणि रक्कम डॉलरमध्ये लिहायला लावली. डॉक्टर म्हणाल्या रिव्ह्यूअर हसतील. म्हटलं हसू देत, आणि फिल्टर पेपरची पण दोन पाकिटं जास्त टाका.